सीव्हीचं तयार टेम्प्लेट: झेरॉक्सचं दुकान, वर्ड, गूगल डॉक्स की कॅनव्हा?

पहिली नोकरी शोधणारी मुलं माझ्याकडे सीव्ही दाखवायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टेम्प्लेट कुठलं घेऊ?" मी काही वर्षं एका कारखान्यात भरतीचं काम केलंय, अर्जांचे गठ्ठे चाळलेत, म्हणून विचारतात. प्रश्न रास्त आहे. कोऱ्या पानासमोर बसून समास आखण्यात आणि तारखा एका रेषेत आणण्यात दोन संध्याकाळी सहज जातात, आणि त्याच संध्याकाळी मजकुरावर खर्च व्हायला हव्यात. तेव्हा तयार टेम्प्लेट घ्यावंच. कुठलं, ते दोन गोष्टींवरून ठरवा. सीव्ही आधी कोण वाचणार, माणूस की सॉफ्टवेअर? आणि त्यात बदल करायला तुमचं तुम्हाला जमेल का?

सॉफ्टवेअरचं आधी सांगते. मोठ्या कंपन्यांमध्ये आलेला अर्ज बऱ्याचदा ‘एटीएस’ प्रणालीत, म्हणजे अर्ज साठवून चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जातो. ती फाइलमधला मजकूर उचलते. नाव, फोन, शिक्षण, अनुभव वेगवेगळ्या रकान्यांत टाकते. मग एचआरवाला ‘व्हीएमसी’ (धातू कापणारं संगणकचलित मशीन) किंवा ‘टॅली’ असा शब्द शोधतो आणि ज्यांच्या मजकुरात तो सापडला त्यांचे सीव्ही उघडतो. तुमचा रंग, तुमची चौकट त्याला तोवर दिसलेलीच नसते.

आपल्याकडे तालुक्याच्या गावांत सगळ्यात जास्त चालतं ते झेरॉक्सच्या किंवा सायबर कॅफेच्या दुकानातलं टेम्प्लेट. दुकानदाराकडे वर्ड फाइल तयार असते, तुम्ही नाव-पत्ता सांगायचा, पंधरा मिनिटांत प्रिंट हातात. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक, सही. याला नावं ठेवण्याआधी एक कबूल करायला हवं: मजकूर वरून खाली सरळ असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो नीट वाचता येतो. अडचण वेगळीच आहे. ती फाइल आधी कुणाची तरी असते. गडहिंग्लजच्या एका मुलाच्या सीव्हीवर स्थळ म्हणून इचलकरंजी छापलेलं मी पाहिलंय, आणि छंदांत पोहणं; त्याला पोहता येत नव्हतं. मुलाखतीत विचारल्यावर तो घामाघूम झाला. शिवाय फाइल राहते दुकानात. एक ओळ बदलायची तर पुन्हा एसटी पकडा. धर्म आणि वैवाहिक स्थिती या गोष्टी लग्नाच्या बायोडेटात शोभतात, नोकरीच्या अर्जात त्यांचं काही काम नाही. हाताशी दुसरं काहीच नसेल तर दुकानात जा, पण निघताना वर्ड फाइल स्वतःच्या ई-मेलवर घेतल्याशिवाय उठू नका.

वर्डमध्ये ‘न्यू’वर जाऊन ‘रेझ्युमे’ शोधलं की भरपूर नमुने येतात. ज्यांना ऑफिसात वर्डचीच सवय आहे त्यांनी दुसरीकडे जायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. काही नमुन्यांत नाव आणि फोन नंबर हेडरमध्ये किंवा टेक्स्ट बॉक्समध्ये असतो, आणि काही एटीएस तो भाग वाचतच नाहीत. सीव्ही पोचतो, नंबर पोचत नाही. दुसरं म्हणजे कागदाचा आकार. अमेरिकी नमुने ‘लेटर’ आकाराचे असतात, 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए-फोर 210 बाय 297. आकार आधी न बदलता मजकूर भरला तर प्रिंटमध्ये कडा कापल्या जातात, नाहीतर खाली उगाच मोकळी जागा राहते. आणि दुसऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला की मांडणी हलते, म्हणून कुणी मुद्दाम वर्ड फाइल मागितली नसेल तर पीडीएफच पाठवा.

गूगल डॉक्समध्ये नमुने मोजकेच: स्विस, सेरिफ, कोरल, स्पियरमिंट, मॉडर्न रायटर. मला हे मोजकेपण आवडतं. निवडण्यात रात्र जात नाही. फ्रेशरला मी डोळे मिटून स्पियरमिंट सांगते: एकच स्तंभ, मोठी शीर्षकं, नंबर दिसेल असा. सेरिफमध्ये उजवीकडे कौशल्यांचा वेगळा स्तंभ आहे, तो टाळलेला बरा. सगळ्यात मोठा फायदा हा की लॅपटॉप नसला तरी मोबाइलवर भरता येतं, बदल आपोआप सेव्ह होतात आणि बसमध्ये बसल्या बसल्या एक ओळ दुरुस्त करता येते. मात्र नमुन्यातली ‘लोरेम इप्सम’ची लॅटिन भरती एकन् एक पुसा, आणि ड्राइव्हची लिंक पाठवू नका. उघडायची परवानगी द्यायला तुम्ही विसरलेले असता, आणि एचआरवाला परवानगी मागत बसत नाही.

आता कॅनव्हा. ऑस्ट्रेलियात 2013 साली सुरू झालेलं हे साधन आज कॉलेजातल्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यातले सीव्ही खरोखर देखणे असतात. म्हणूनच मोह होतो. गेल्या वर्षी मेकॅनिकल डिप्लोमाचा एक मुलगा असाच सीव्ही घेऊन आला. डावीकडे निळा पट्टा, गोलात फोटो, फोन आणि ई-मेलची चिन्हं, खाली कौशल्यांच्या पट्ट्या: एक्सेल ऐंशी टक्के, ऑटोकॅड सत्तर टक्के. चाळीस ठिकाणी अर्ज केले होते, एकही फोन नाही. मी त्याची पीडीएफ उघडली, सगळा मजकूर निवडला, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. पडद्यावर आलं ते असं: "शिक्षण कौशल्ये डिप्लोमा एक्सेल 2023 ऑटोकॅड इंटर्नशिप संपर्क". दोन्ही स्तंभ एकमेकांत मिसळलेले. पट्ट्या तर गायबच, कारण त्या चित्रं होत्या. चाळीस अर्जांपैकी किती यामुळे अडकले ते मी सांगू शकत नाही, पण असा मजकूर रकान्यांत नीट बसणार नाही हे उघड होतं. आणि ऑटोकॅड सत्तर टक्के म्हणजे नेमकं काय येतं, हे त्यालाही सांगता येईना.

कॅनव्हा वापरायचंच असेल तर एका स्तंभाचा नमुना घ्या आणि डाउनलोड करताना ‘फ्लॅटन पीडीएफ’वर टिक करू नका, ती केली की पान चित्र होऊन जातं आणि अक्षरं उचलता येत नाहीत. मुकुटाचं चिन्ह असलेल्या गोष्टी पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. ग्राफिक डिझाइन, सोशल मीडिया, इव्हेंटची कामं, किंवा जिथे सीव्ही थेट मालकाच्या हातात द्यायचाय, तिथे कॅनव्हाच घ्या असं मी म्हणेन. तिथे दिसणं हाही कामाचाच नमुना असतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कोडिंग येणाऱ्यांना ओव्हरलीफ या संकेतस्थळावरचे लेटेक्स नमुने, ज्यांत मांडणी कोड लिहून करतात, छान जमतात. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये. युरोपात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी युरोपीय संघाचं ‘युरोपास’ पाहावं, ते मोफत आहे. फोटोचा नियम देशागणिक बदलतो: ब्रिटन-अमेरिकेत लावत नाहीत, जर्मनीत लावण्याची पद्धत आहे. काही संकेतस्थळं सगळं फुकट भरून घेतात आणि डाउनलोडच्या क्षणी पैसे मागतात, वर दर महिन्याची वर्गणी चालू होते. तासभर माहिती भरण्याआधी शेवटचं बटण काय मागतं ते बघा. शाळा किंवा संस्थेसाठी मराठीत सीव्ही करत असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो.

त्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या मुलाला आम्ही त्याच संध्याकाळी स्पियरमिंटवर आणलं. पट्ट्या काढल्या. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ ही ओळ काढून तिथे लिहिलं, "कागल एमआयडीसीत सहा महिने व्हीएमसी मशीनवर इंटर्नशिप, जॉब सेटिंग, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने तपासणी." ही माहिती आधीच्या सीव्हीत नव्हतीच, निळ्या पट्ट्यात जागा उरली नाही म्हणून त्याने ती गाळली होती. पुन्हा पीडीएफ केली, पुन्हा नोटपॅडमध्ये टाकली. वर नाव, खाली नंबर, मग इंटर्नशिप, मग डिप्लोमा, सगळं ओळीने उतरलं. फाइलला ‘न्यू सीव्ही फायनल 2’ऐवजी त्याचं नाव-आडनाव आणि पदाचं नाव दिलं, आणि त्याने ती माझ्यासमोरच स्वतःच्या मोबाइलवरून पाठवली.