चायना ऑरेंज : शोभेला आणलं, सरबताला लागलं

नर्सरीवाल्याशी वाजलं म्हणून हे लिहायला घेतलं, नाहीतर एका कुंडीबद्दल एवढं लिहायचा माझा पिंड नाही. गॅलरीतल्या चायना ऑरेंजची, म्हणजे छोट्या आंबट संत्र्यांच्या शोभेच्या झाडाची, शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. फोटो दाखवला तर म्हणतो, "मॅडम, हे गेलं आता. नवीन घेऊन जा, साडेतीनशेला लावतो." साडेतीनशे रुपये काय झाडाला लागतात? पानाचं हे रूप म्हणजे लोहाची कमतरता, संत्र्याची बाग असलेला कोणीही सांगेल. आमच्याकडे उन्हाळाभर बोअरचं जड पाणी. त्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची पुडी आणून पाण्यातून घातली, फवारलीही. पुढची फूट हिरवीगार आली. पुडी अजून अर्धी शिल्लक आहे.

आता फळाबद्दल. दिसायला देखणं, झाड भरलं की जाणारे-येणारे थांबून बघतात. साल पातळ आणि चक्क गोड, आतला गर झणझणीत आंबट, त्यामुळे सालीसकट तोंडात टाकायचं. इथवर ठीक. पण बिया! सुपारीहून जरासं मोठं फळ, आणि त्यात सात-आठ बिया. एवढ्याशा घरात एवढं बिऱ्हाड कशाला? फळ चावलं की आधी थू-थू, मग चव. मिक्सरला लावायची सोय नाही, बी भरडली की सगळा रस कडू. लोणच्यासाठी प्रत्येक फळ आडवं चिरून टोकदार सुरीने एकेक बी उचकटत बसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा बाजारातून लिंबं आण की गं." त्या दिवशी हे झाड कोणाला तरी देऊन टाकणार होते.

मत बदललं ते एप्रिलमध्ये, लिंबू दहा रुपयाला एक झालं तेव्हा. आणि एक गोष्ट कळली: फळ केशरी होईपर्यंत थांबायचं कारणच नाही. फिलिपाइन्समध्ये याला कलामांसी म्हणतात, तिथे ते हिरवंच तोडतात. सोया सॉसमध्ये पिळून माशाबरोबर, नूडल्सवर घेतात. मीही एक हिरवं फळ कापलं तर आत गर केशरी! वास लिंबाचा आणि संत्र्याचा मिळून. तळलेल्या बांगड्यावर पिळलं आणि त्यानंतर आमच्याकडे बांगड्याबरोबर लिंबाची फोड मागितली गेली नाही. चहाच्या गाळणीवर धरून पिळायचं, बिया गाळणीत. एका फळाचा रस जेमतेम चमचाभर, म्हणजे एका लिंबाच्या जागी तीन-चार फळं लागतात. तरी अख्खा मे महिना सरबत आणि पोहे याच्यावर निघाले.

लोणचंही शेवटी छान झालं, उपासाचं, गोड. साल पातळ असल्याने लिंबाच्या लोणच्यासारखं मुरायची वाट बघावी लागत नाही, चार-पाच दिवसांत फोडी मऊ होतात. फळ ओढून मात्र तोडू नका. देठाशी साल फाटते आणि तिथूनच कुजतं. कात्रीने देठ ठेवून कापायचं.

बाकी त्रास लिंबाचेच. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर दिसली तर ती लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते आणि फांदीच्या फांदी साफ करते. मी हाताने उचलते, औषध मारत नाही, कारण साल खायची आहे. ऊन निदान पाच-सहा तास हवं. सावलीत ठेवलं तर पानंच पानं.

घ्यायचं असेल तर नर्सरीत फळांनी लगडलेलं झाड बघून भुलू नका, घरी आणल्यावर निम्मी फळं गळतात. त्याऐवजी बुंधा बघा. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या सांध्याच्या खालून लांब काट्यांची, मोठ्या पानांची फूट येत असेल तर ती खालच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या झाडाची, बहुधा जंबेरी लिंबाची. ती जोमाने वाढते आणि वरच्या झाडाला मागे टाकते. माझ्याही कुंडीत आली होती, बुडापासून काढून टाकली. नर्सरीवाला तिलाच "नवीन फांदी, शुभ आहे" म्हणत होता.

बिया अजूनही डोक्यात जातात. एक कुंडी मात्र अजून घेणार आहे, दुसऱ्या नर्सरीतून.