सैल वायर दाखवणारे व्हिडिओ आणि ती झाकणारे

वर्गात व्हिडिओ मालिकेतला कृष्णविवराचा भाग चालू होता, पडद्यावर त्याचं केशरी चित्र होतं आणि शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे खरंच केशरी असतं का?" साडेचार मिनिटं होऊन गेली होती आणि तोवर निवेदकाने रंगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. व्हिडिओ थांबवून मला सांगावं लागलं, की एम८७ दीर्घिकेतल्या त्या कृष्णविवराकडून टिपलेल्या लहरी १.३ मिलिमीटरच्या, म्हणजे रेडिओच्या. डोळ्याला त्या दिसतच नाहीत, केशरी रंग माणसांनी निवडून भरला आहे. पोरगं म्हणालं, "मग हिरवा का नाही भरला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओकडेही नव्हतं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. हायस्कूलच्या मुलांना चालू संशोधन समजावं म्हणून काढलेली ही व्हिडिओ मालिका आम्ही गेल्या वर्षी वर्गणी भरून घेतली. चौदा भाग आहेत, प्रत्येक आठ ते बारा मिनिटांचा. सगळे मी आधी एकटीने पाहिले, मग मुलांबरोबर. मालिकेचं नाव लिहीत नाही. ज्या खोडी सांगणार आहे त्या या जातीच्या पुष्कळ व्हिडिओंत सापडतात, एकाच्याच डोक्यावर खापर कशाला फोडा.

कृष्णविवराच्या भागात काय काय सांगता आलं असतं! त्या चित्रासाठी एप्रिल २०१७मध्ये जगभरच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षणं घेतली. माहिती इतकी जमली, की इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं. हार्ड डिस्कचे खोके विमानाने न्यावे लागले. दक्षिण ध्रुवावरचे खोके तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडले. मग चार गटांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता आपापली चित्रं तयार केली, कारण आपल्याला जे बघायचंय तेच आपण बघत नाही ना, याची त्यांना भीती होती. दहावी-अकरावीच्या मुलाला हे ऐकून गंमत वाटणार नाही? व्हिडिओत यातलं काहीच नाही. आहे ते ढोलाताशाच्या थाटाचं पार्श्वसंगीत आणि अंतराळातून भरारी मारणारा कॅमेरा.

यानंतर गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा भाग लावायचा म्हणजे मी जरा धास्तावूनच बसले होते. पण तो निघाला सगळ्यात सरस. सुरुवातच १४ सप्टेंबर २०१५च्या सकाळी होते. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसलेल्या मार्को द्रागो या संशोधकाला पडद्यावर एक सिग्नल दिसतो आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो, की हा खोटा असणार. कारण लायगोवाले, म्हणजे या लहरी टिपणाऱ्या प्रयोगाचे लोक, आपल्याच माणसांची परीक्षा घ्यायला मुद्दाम बनावट सिग्नल सोडत असत. २०१०मध्ये असाच एक सोडला होता. लोकांनी महिनोन्‌महिने खपून शोधनिबंधसुद्धा लिहून तयार ठेवला आणि मार्च २०११मध्ये बंद पाकीट उघडल्यावर कळलं, की सगळी मेहनत बनावट सिग्नलवर गेली. वर्गात यावर जो हशा पिकला! आणि हसता हसता मुलांना समजलं, की यावेळी "हा खरा आहे" म्हणायला फेब्रुवारी २०१६ का उजाडावा लागला.

पुढे दोन यंत्रांची गोष्ट येते. अमेरिकेतली हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथली, मधलं अंतर सुमारे ३००० किलोमीटर. प्रत्येकाला चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा आणि लहरीमुळे त्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीच्या काही हजारांशांइतका. सिग्नल लिव्हिंग्स्टनला आधी पोचला, हॅनफर्डला साधारण ७ मिलिसेकंद उशिरा. इथे मी व्हिडिओ थांबवला आणि मुलांना वही काढायला लावली. ३००० भागिले सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे प्रकाशाला लागतात १० मिलिसेकंद, या लहरीही प्रकाशाच्याच वेगाने जातात, आणि ७ हे १०पेक्षा कमी. "मग ठीक आहे," एक मुलगी म्हणाली. "जास्त आले असते तर दोन्ही सिग्नल एकाच लहरीचे नसते." हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं, व्हिडिओतही नव्हतं. पण गणित मांडण्यापुरते आकडे व्हिडिओने दिले होते.

त्या भागाचा एकच घोळ झाला आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी सिग्नलचा आवाज ऐकवला होता. तो सुरू होतो ३५ हर्ट्झच्या आसपास आणि चढत जातो २५०पर्यंत. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून ३५ हर्ट्झ काय ऐकू येणार, कपाळ! आम्हाला नुसतं शेवटचं "टुप्" ऐकू आलं. मोठा स्पीकर असेल तर लावा, नाहीतर हेडफोन फिरवा.

न्यूट्रिनोंचा, म्हणजे कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा भाग सगळ्यात लहान आणि दिसायला सगळ्यात दरिद्री. ॲनिमेशन जवळजवळ नाहीच, एक बाई टेबलापाशी बसून बोलतात. २०११ साली ऑपेरा नावाच्या प्रयोगात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे निघालेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले. संशोधकांनी स्वतःच जगाला सांगितलं, आमची चूक शोधा. आणि चूक निघाली एका नीट न बसलेल्या फायबर ऑप्टिक जोडणीत. वर्गात क्षणभर शांतता. मग कुणीतरी: "म्हणजे वायर सैल होती?" हो रे बाबा, वायर सैल होती. आदल्याच आठवड्यात आमच्या लॅबमध्ये अख्खी बॅच ओहमचा नियम खोटा ठरवत बसली होती, याच कारणाने.

वर्षाअखेर मुलांना सर्वांत जास्त आठवला तो हाच भाग. मला नवल वाटलं नाही. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच पीएचडी केली. त्यात त्यांना आढळलं, की स्वच्छ, सोपं निरूपण मुलांना आवडतं, "समजलं" असं ती म्हणतातही, पण परीक्षेत फारसा फरक पडत नाही. उलट ज्या व्हिडिओत चुकीची समजूत आधी बोलून दाखवून मग खोडली जाते, तो मुलांना गोंधळाचा वाटतो आणि डोक्यात मात्र राहतो. आमच्या मालिकेच्या निर्मात्यांना हे माहीत असावं असं दोन-तीन भागांवरून वाटतं. बाकीच्या भागांवरून मुळीच वाटत नाही.

आता माझी खरी तक्रार. क्रिस्परचा, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राचा भाग. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकल सेल या रक्तपेशी विळ्यासारख्या करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या क्रिस्पर उपचाराला मंजुरी मिळाली, त्यावर हा बेतलेला आहे. ॲनिमेशन देखणं आहे. एक छोटी कात्री येते, डीएनएमधलं चुकलेलं अक्षर कापते, तिथे बरोबर अक्षर बसवते, आणि विळ्याच्या आकाराची पेशी टुणकन गोल होते. फक्त तो उपचार असा चालतच नाही! चुकलेल्या अक्षराला कुणी हातही लावत नाही. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, त्यांच्यात बीसीएल११ए या जनुकाला रक्तपेशींत चालू ठेवणारा छोटा तुकडा मोडतात. हे जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनचं उत्पादन दाबून ठेवत असतं. ते ढिलं पडलं, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं आणि काम भागवतं. दोष जिथल्या तिथेच राहतो, त्याला वळसा घातला जातो. आणि बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी जुना अस्थिमज्जा रिकामा करायला रुग्णाला जबर केमोथेरपी घ्यावी लागते. तिचा तर उल्लेखच नाही.

मी त्यांना सविस्तर मेल केला. उत्तर आलं, "विद्यार्थ्यांच्या आकलनासाठी प्रक्रिया सुलभ करून दाखवली आहे." सुलभ करणं आणि दुसरीच प्रक्रिया दाखवणं यात फरक आहे, हे मला दुसऱ्या मेलमध्ये लिहावं लागलं. त्याला उत्तर नाही. वाईट याचं वाटतं, की खरी हकीकत सांगायला अवघड नाही आणि कितीतरी जास्त चतुर आहे. नळ दुरुस्त होत नसेल तर जुना बंद केलेला नळ उघडायचा, इतकं म्हटलं तरी नववीतल्या पोराला कळतं.

बाकी किरकोळ. सबटायटल्स बरी आहेत, पण संज्ञांची स्पेलिंगं दोन ठिकाणी दोन तऱ्हेची. संगीत बंद करायची सोय नाही, ती हवीच होती. मागच्या बाकांवर निवेदन त्यातच बुडून जातं. प्रत्येक भागासोबतची प्रश्नपत्रिका मी एकदा वापरली आणि सोडून दिली. "कोणत्या वर्षी शोध लागला?" असे प्रश्न विचारायला व्हिडिओ कशाला हवा? एक सोय मात्र फार आवडली: प्रत्येक भागाखाली मूळ शोधनिबंधातला एखादा आलेख जसाच्या तसा दिलेला आहे, त्रुटी दाखवणाऱ्या उभ्या रेघांसकट. त्या रेघा म्हणजे काय, हे समजावण्यात माझा एक अख्खा तास गेला आणि तो वर्षातल्या चांगल्या तासांपैकी होता.

घ्यावी का? वर्गासाठी घेणार असाल आणि मधे थांबवून बोलायची तयारी असेल तर घ्या. मुलाला एकट्याला लावून देऊन आपण दुसऱ्या कामाला लागायचं असेल, तर गुरुत्वीय लहरी आणि न्यूट्रिनो एवढे दोनच द्या. क्रिस्परचा भाग मी अजून दाखवते, ॲनिमेशन सुंदर आहे म्हणून. आवाज बंद ठेवते, आणि कात्री पडद्यावर आली की मुलं आता स्वतःच ओरडतात, "मॅडम, खोटं, खोटं!"