भिंतीवरचा तक्ता की दोघांतली वही?

नऊ ते बारा वयाच्या मुलाचा राग, रडू, चिडचिड यासाठी घरात काय सुरू करावं या विचारात असाल, तर बहुधा दोन पर्यायांपाशी येऊन थांबला असाल: रंगांचा तक्ता, नाहीतर आईबाबा आणि मुलात फिरणारी वही. आमच्याकडे दोन्ही झालं. दीर्घ श्वास वगैरे दोन्हींसोबत चालतंच, त्यात शिरत नाही.

तक्ता शिकायला सोपा. निळा म्हणजे मरगळ, हिरवा शांत, पिवळा अस्वस्थ, लाल म्हणजे ताबा सुटलेला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट लीआ कायपर्स यांची ही पद्धत 2011 पासून बऱ्याच शाळांत पोचली आहे. शब्द सुचत नसले तरी बोट ठेवता येतं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची) खळबळ उतरते, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007च्या प्रयोगात दिसलं होतं, तेव्हा कल्पना पोकळ नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मी आजही तक्ताच सुचवेन.

माझं घोडं अडलं ते तक्ता भिंतीवर असतो, एवढ्याच गोष्टीपाशी. लेक दप्तर आपटत घरात शिरली की धाकटा तक्त्याकडे धावायचा आणि लोहचुंबक सरकवून ओरडायचा, “ताई लाल! ताई लाल!” मूळचा राग राहिला बाजूला, त्यावरून नवीन भांडण. बरं, आपणही “आत्ता कोणता रंग?” असं विचारतो ते नेमकं तिला बोलायची अजिबात इच्छा नसताना. शेवटी शेवटी ती दातओठ खात “हिरवा” म्हणायची आणि खोलीत निघून जायची. अकराव्या वर्षी आपल्याकडे कुणीतरी बघतंय हेच मुळात नको असतं.

वही मात्र लेकीच्या वेळेने चालते. ती लिहून माझ्या उशीखाली ठेवते, मी सकाळपर्यंत उत्तर लिहितो. “बाबा, जेवताना काही विचारू नकोस. गट पाडले तेव्हा मला कुणीच घेतलं नाही.” हे तक्त्यावर कुठल्या रंगात बसणार होतं? लिहिण्याने मन हलकं होतं, यावर पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1986 साली काम केलं, पण ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. आपल्या घरगुती वहीला ते जसंच्या तसं लावू नये.

वहीतही खोट आहेच. दार आपटण्याच्या क्षणी तिचा काडीचा उपयोग नाही, आणि लिहायचा कंटाळा असेल तर चित्रांवर भागवावं लागतं. उत्तरात उपदेश आला की पुढची पानं कोरी. वहीतलं चारचौघांत काढायचं नाही, हे पाळावंच लागतं. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार किंवा कुणाकडून त्रास असं काही आलं, तर ते गुपित राहणार नाही आणि समुपदेशकाकडे जायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

तुमचं मूल एकुलतं असेल आणि मोकळेपणी बोलत असेल, तर तक्ता पुरेलही कदाचित. घरात भावंडं असतील तर मी वहीच म्हणेन. तक्ता अगदीच सोडवत नसेल, तर वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.