फुरानसाठी न्यूझीलंडचं स्फॅग्नम मॉस: माल चांगला, पण ठासू नका

नेओफिनेशिया फाल्काटा (आताचं शास्त्रीय नाव वांडा फाल्काटा) हे ऑर्किड म्हणजे जपानी लोकांचं फुरान. झाड वीतभरही वाढत नाही, फुलं पांढरी, मागे लांब वळलेलं शेपूट, आणि वास दरवळतो तो अंधार पडल्यावर. जपानात हे स्फॅग्नम मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) पोकळ उंचवट्यावर लावतात, आणि त्या कामाला न्यूझीलंडच्या मॉसची 150 ग्रॅमची ही दाबलेली लादी उत्तम आहे. भिजून साधारण 12 लिटर होते. लहान कुंडीला मूठ-दीड मूठच लागतं, त्यामुळे किंमत टोचत नाही.

धागे लांब, रंग फिकट पिवळसर, काड्या कमी. सजावटीचं हिरवं रंगवलेलं मॉस स्वस्त मिळतं. ते पाण्यात टाका, पाणीच हिरवं होईल.

अर्धा तास भिजवून थेंब गळायचे थांबेपर्यंत पिळा. कोरडं मॉस हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच, त्यातल्या बुरशीने त्वचेचा आजार होऊ शकतो. दोन बोटांभोवती धागे आडवे गुंडाळून पोकळ टोपी करा. मुळं तिच्यावरून चारी बाजूंनी सोडा, वर सेंटिमीटरभर थर द्या आणि बोटं अलगद काढा. टोपी कुंडीच्या काठाच्या वर दिसली पाहिजे. पानांचा बुडखा मॉसमध्ये गाडला, की तिथेच सड लागते. पाकिटावर मात्र या पोकळीचा उल्लेखही नाही! नवखा माणूस कुंडी ठासून भरतो, मध्ये ओल राहते, मुळं काळी पडून पोकळ होतात.

पाणी कधी? वरचे धागे पांढरट, कुरकुरीत झाले की. भिजलेलं मूळ हिरवट दिसतं, सुकलं की चंदेरी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मॉस आठवडाभर ओलंच राहतं. तेव्हा कुंडी छपराखाली वाऱ्यावर ठेवा आणि थर निम्मा करा. बोअरचं जड पाणी अजिबात नको: क्षार साचतात, मुळांची टोकं करपतात. पावसाचं किंवा आरओचं वापरा. खत लेबलवरच्या मात्रेच्या चौथाई, तेही नवी मुळं धावत असतानाच.

मॉस दरवर्षी बदला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुळांना नवी टोकं फुटायच्या आधी. रोज पाणी घालायची सवय सुटत नसेल, तर ही लादी घेऊ नका. कोळसा आणि झाडाची साल बरी.