संगणक आत्ताच घ्यायचा की नवा प्रोसेसर येऊ द्यायचा?

नवा प्रोसेसर आला की जुन्याचा भाव पडतो, तेव्हा घेऊ. हा हिशेब बरीच वर्षं बरोबर होता. सुटे भाग स्वस्तच होत जायचे, त्यामुळे थांबणाऱ्याचं फारसं बिघडत नव्हतं. २०२५ च्या उत्तरार्धात ते गणित फिरलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले, फाइली साठवणाऱ्या एसएसडीही मागोमाग चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे थांबून प्रोसेसरवर वाचवलेलं सगळं रॅमच्या बिलात जाऊ शकतं.

थांबून मिळतं तरी काय, ते मागच्या काही वर्षांत बघा. इंटेलच्या प्रोसेसरची १२ वी पिढी २०२१ च्या नोव्हेंबरात आली, ती खरी उडी होती. १३ वी बरी निघाली. २०२३ ची १४ वी म्हणजे जवळजवळ तेरावीच, नाव बदललेली. २०२४ च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा २०० आली. तिने वीज वाचवली, पण बऱ्याच गेममध्ये ती चौदाव्या पिढीच्याही मागे पडली. शिवाय पहिल्या दिवशी येतात ते महागडे मॉडेल. कोअर अल्ट्राचे स्वस्त प्रोसेसर आणि त्यांना लागणारे बी८६० मदरबोर्ड जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. ते आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात वाजवी भावात मिळेपर्यंत आणखी वेळ. त्यामुळे 'दिवाळीत येणार' असं ऐकलं की मी पाडव्याचा हिशेब धरतो. दिवाळी पाडवा नव्हे, गुढीपाडवा.

आता कुणी थांबावं आणि कुणी नाही.

शाहू मार्केट यार्डातलं अडत दुकान, सीएचं ऑफिस, मेडिकल: काम टॅली, जीएसटी, एक्सेल आणि प्रिंटिंगचं. इथे नव्या प्रोसेसरचा काही उपयोग नाही. बघायचं ते वेगळंच. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण ८ वी पिढी किंवा एएमडीच्या रायझेन २००० पासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मशीन त्याच्या आधीचं असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील तर आत्ताच बदला, साधा आय३ पुरतो. त्यानंतरचं असेल तर एसएसडी टाका आणि दोन-तीन वर्षं विषय काढू नका.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखानदार मंडळींचं गणित गुंतागुंतीचं आहे. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट बनवताना बहुतेक काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामकऱ्यावर चालतं. चोवीस कोअर घेतले तरी तेवीस बघत बसतात. तिथे एका कोअरचा वेग बघायचा, आणि तो मधल्या किमतीच्या आजच्या प्रोसेसरलाही चांगला असतो. कास्टिंगचं सिम्युलेशन किंवा कॅमचा मोठा टूलपाथ (सीएनसी मशीनच्या हत्याराचा मार्ग) मात्र बरेच कोअर खातो, आणि नव्या पिढीचा फायदा दिसला तर तिथे दिसतो. खर्च करण्याआधी एक करा: नेहमीची सर्वांत जड फाइल उघडून टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा लावून बघा. एकूण आकडा फसवतो. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं पेलणाऱ्या मशीनवर एकच थ्रेड पूर्ण ताणला गेला तरी वर १२-१३ टक्केच दिसतात, आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर रिकामाच आहे. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर नव्या प्रोसेसरची वाट बघण्यात अर्थच नाही.

धंद्यासाठी घेणाऱ्याला तारखेचाही विचार हवा. संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच. म्हणजे सप्टेंबरअखेर मशीन चालू झालं तर पूर्ण, दिवाळीत घेतलं तर अर्धा. अनुमानित उत्पन्नावर कर भरत असाल तर हा वेगळा फायदा नाही. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट नियमित नोंदणी असणाऱ्यांना मिळतंच, फक्त बिल फर्मच्या नावाचं घ्या.

लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांना एकच सांगणं. इंटेलच्या मॉडेलमागे 'एफ' असेल तर त्यात आतला ग्राफिक्स नसतो, आणि त्याबरोबर व्हिडिओ झटपट उलगडणारं क्विक सिंकही जातं. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज क्विक सिंक सहज उलगडतं. ते नसेल तर टाइमलाइन अडखळते. थोडे पैसे वाचवायला एफ घेऊन नंतर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवत बसलेले स्टुडिओ आपल्या गावात कमी नाहीत. एनव्हिडियाच्या ५० मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर हे काम तेही करतं. सीझन तोंडावर असेल तर थांबूच नका.

गेमवाल्या पोरांनी खुशाल थांबावं. त्यांचं कुठलं काम अडलंय?

थांबायचं नाही आणि पस्तावायचंही नाही, तर सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, बघून घ्या. एएमडीचा एएम४ सॉकेट याचं उत्तम उदाहरण: २०१७ चा मदरबोर्ड घेतलेल्यांपैकी अनेकांना बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझेन ५ ५६०० त्याच बोर्डवर बसवता आला. सध्याचा एएम५ २०२२ पासून चालू आहे आणि त्याला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट मात्र तीन पिढ्यांनी थांबला. तो स्वस्त पडतो आणि त्याचे काही बोर्ड जुनी डीडीआर४ रॅम घेतात, त्यामुळे घरात चांगली डीडीआर४ पडून असेल तर आजच्या भावात तो पर्याय मला जास्त पटतो. एएम५ ला डीडीआर५ च लागते.

कोटेशनवर नुसतं 'आय५, १६ जीबी' लिहून आलं तर परत पाठवा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चौथ्या पिढीचा आय५ घालून रिफर्बिश्ड डबे अजून विकले जातात आणि तोही आय५च. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, मदरबोर्डचं नाव, रॅम डीडीआर४ की डीडीआर५, एक काडी की दोन, एवढं लिहून मागा.