पौर्णिमेला टायको, दशमीला कोपर्निकस

लहान दुर्बिणीतून चंद्रावरचं एकच विवर नीट पाहायचं असेल, तर टायको पाहावं की कोपर्निकस? आकाराने दोन्ही जवळपास सारखीच: टायकोचा व्यास सुमारे 85 किमी, कोपर्निकसचा 93. खरा फरक वयाचा आणि शेजाराचा.

टायको दक्षिणेकडच्या उजळ, खडबडीत डोंगराळ भागात आहे. वय साधारण 10.8 कोटी वर्षं, म्हणजे चंद्राच्या मानाने अगदी कोवळं. म्हणूनच अवकाशातला दगड आदळून विवर घडलं तेव्हा उडालेल्या मालाचे पांढरे पट्टे अजून ताजे दिसतात आणि पौर्णिमेला दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे पसरलेले असतात. तेव्हा ते दुर्बिणीशिवायही जाणवतात. मात्र विवराची खोली त्या रात्री दिसत नाही, कारण सावल्याच नसतात.

कोपर्निकस सुमारे 80 कोटी वर्षांचं. भोवती गडद लाव्ह्याची सपाटी असल्यामुळे आघाताने काय काय उधळलं ते इथे स्वच्छ वाचता येतं. शुक्ल नवमी-दशमीला तिथे सूर्य उगवतो. पायऱ्यापायऱ्यांनी खचलेली भिंत, मधली शिखरं, तळावर सरकणारी काळी सावली, आणि शेजारच्या एराटोस्थेनिस विवराच्या दिशेने उडालेल्या दगडांनी पाडलेल्या खड्ड्यांच्या बारीक माळा! तासाभराने पुन्हा पाहा, सावली आखडलेली असते.

माझं मत कोपर्निकसच्या बाजूने. टायको पाहताक्षणी भुरळ घालतं हे खरं, पण आघात म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर दशमीची रात्र चुकवू नका.