आतल्या काचांचं सामान: आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये महापे आणि ऐरोलीतल्या तीन ऑफिसांचं आतल्या काचांचं काम घेतलं, तेव्हा मी सगळं सामान बाहेरच्या काचांच्या हिशोबाने भरलं होतं. 45 सेंटिमीटरचा स्क्विजी, म्हणजे काचेवरचं पाणी ओढून काढायची रबरी कडेची पट्टी, पाणी लावायचा जाड लोकरी स्लीव्हचा (खोळीचा) ॲप्लिकेटर, मोठी बादली. पहिल्याच आठवड्यात निम्मं सामान बाजूला पडलं. बाहेर पाणी खाली गळलं तर कुणाचं काही बिघडत नाही. आत काचेच्या खालीच गालिचा असतो, चार्जर असतात, कुणाच्या तरी फायली असतात. त्यामुळे आता कुठलीही वस्तू घेताना मी आधी एकच बघते, ती काचेवर पाणी किती आणते. कमी आणत असेल तर पुढचं बोलणं.

स्क्विजीपासून सांगते. 45चा केबिनच्या काचेवर सारखा अडतो, कधी दरवाजाच्या हँडलला, कधी बिजागरीला. 35चा घेतला आणि हात मोकळा झाला. रबर धरणारी पट्टी स्टीलची आहे. पितळेची टिकाऊ, पण जड, दिवसभर वापरली की मनगट धरतं. ॲल्युमिनियमची हलकी, पण आमच्याकडची एकदा शिडीवरून पडली आणि किंचित वाकली. तेव्हापासून ती काचेच्या मधोमध पाण्याची रेघ सोडायची. पट्टी कुठलीही असो, खरं काम रबर करतं. ते पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेलं हवं, नाहीतर कडेला पाणी राहतं. एक कड गोलसर झाली की रबर उलटून घालायचं, दुसरीही गेली की नवीन. आमच्या मावशी नखाने कड चाचपून सांगतात, आणि आठ महिन्यांत त्यांचा अंदाज चुकलेला नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्वस्त ग्लास वायपर मी याच कारणासाठी बंद केले, त्यांचं रबर बदलताच येत नाही. एकच पातळ रबर आणि हलकी पट्टी ही रचना एत्तोरे स्टेकोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या काच पुसणाऱ्या माणसाची, 1936 मधली. त्याआधीचे स्क्विजी जड असत आणि रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू सोडवावे लागत. हे काम स्वतः करणाऱ्यालाच असं काही सुचू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

पाणी लावायला आता 25 सेंटिमीटरचा ॲप्लिकेटर आणि आखूड केसांची मायक्रोफायबर स्लीव्ह वापरते. बादलीत बुडवायची नाही, स्प्रेच्या बाटलीने ओलसर करायची. बाटलीत भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की स्क्विजी घसरतो आणि पांढुरका थर मागे राहतो. स्क्विजीची पहिली ओढ घेण्याआधी काचेची वरची बोटभर कड कपड्याने कोरडी करायची. हे शिकल्यापासून वरून येणारे ओघळ जवळजवळ थांबले. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं, आणि खाली चौकटीवर जुना टॉवेल घडी करून ठेवायचाच.

पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त वापर झाला तो चपट्या मायक्रोफायबर पॅडचा. आत धूळ कमी आणि बोटांचे ठसे जास्त. मीटिंग रूमच्या काचेवर लोक तळवा टेकवून उभे राहतात, त्यासाठी स्क्विजी काढणं म्हणजे नुसता पसारा. पॅडवर दोन फवारे, वरून खाली नागमोडी हात, झालं. इथे पाण्याची जात मात्र महत्त्वाची, कारण पॅडने पुसलेलं पाणी काचेवरच वाळतं. टँकरचं जड पाणी असलं की क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरते, पाच लिटरचा कॅन आम्हाला बरेच दिवस पुरतो. पॅड कुठे हरतो तेही सांगते. पॅन्ट्रीजवळच्या काचेवरचा तेलकट थर तो फक्त पसरवतो. तिथे स्क्विजीच लागतो.

कपड्यांबाबत पावसाळ्याने आम्हाला शिकवलं. जूनपर्यंत 20 कपड्यांत भागत होतं. जुलैत कळव्याच्या घरी गॅलरीत टाकलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहायला लागले, वास यायला लागला, आणि ओल्या कपड्याने काच कधीच चकचकीत होत नाही. आता 45 आहेत. काचेचे निळे, चौकटीचे पिवळे, आणि ते एकत्र धुवायचे नाहीत. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर बसला की मायक्रोफायबर पाणी ओढत नाही.

ब्लेडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझ्या हातून नुकसान झालं. एका ऑफिसच्या नव्या पार्टिशनवर स्टिकरचा गोंद राहिला होता. काच ओली करून, नवं ब्लेड लावून, हलक्या हाताने खरवडलं. तरी बारीक समांतर ओरखडे आले, आणि ते कायमचे आहेत. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली होती. ती तापवताना काचेची बारीक भुकटी भट्टीतल्या रोलरवर टेकणाऱ्या बाजूला चिकटून राहू शकते. ब्लेडने ती निघते आणि ब्लेडसोबत काचेवर घासत जाते. म्हणजे हात कितीही हलका असला तरी धोका राहतोच. आता मी आधी कोपऱ्यातला टफन्डचा शिक्का शोधते, शिक्का असला तर ब्लेड खिशातच. गोंदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, दहा मिनिटांचा धीर आणि प्लास्टिकची पट्टी.

फिल्म, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावलेल्या काचेवर ब्लेड नाही आणि अमोनियाचं क्लीनरही नाही. फिल्म नवी असेल तर महिनाभर हात लावू नका.

आता घोडबंदर रोडवरच्या एका शोरूमचं काम सुरू होतंय, आतली काच चौदा फूट उंच. त्यासाठी दोन भागांची काठी आणि पॅडला कोन देणारा जोड घेतलाय. घरी गॅलरीच्या काचेवर करून बघितलं, तर काठी पूर्ण उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात पॅडचा दाब कमी पडतो. तिथला कोपरा शिडीवर चढून हातानेच पुसायचा, असं आम्ही तिघींनी ठरवलंय.